नाकातला डोह : चिनी काढ्याचे पाच आठवडे

इचलकरंजीहून मावशीचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी सायनसवर येतं. "अगं, तुझं डोकं दुखायचं थांबलं म्हणे त्या चिनी पुड्यांनी. मलाही पाठव की दोन डबे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या हाती दे." तिचं कपाळ वीस वर्षं दुखतंय, त्यामुळे नुसतं "नाही पाठवत" म्हणणं मला जड जातं. आता तिच्या मागून आत्या, शाळेतल्या दोन मैत्रिणी, नवऱ्याचे एक मित्र असे सगळेच विचारू लागलेत. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून, तारखा आणि पैशांसकट लिहून ठेवते. पुड्या का पाठवत नाही तेही त्यात येईल.

आम्ही चीनच्या चच्यांग प्रांतात, शाओशिंग शहरातल्या खच्याओ भागात राहतो. कापडाच्या धंद्यातल्या लोकांना खच्याओ कुठे आहे ते सांगावं लागत नाही. इथला कापडबाजार अवाढव्य आहे आणि भारतीय व्यापाऱ्यांचा इथे कायम राबता असतो. मी एका निर्यात करणाऱ्या ऑफिसात कापडाची तपासणी बघते. दिवसभर तागे उलगडायचे, उजेडात धरायचे. धूळ, सुताचे तंतू, रंगाचा वास हे सगळं आलंच.

जानेवारी २०२४मध्ये सर्दी झाली ती गेलीच नाही. चीनमध्ये ह्वाय नदीच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडेही, घरं तापवायची सरकारी पाइपांची सोय नसते. बाहेर चार अंश आणि घरातही जवळपास तेवढंच, शिवाय ओल. वाकून तागा उचलला की डाव्या गालात आणि भुवईच्या वर शिसं ओतल्यासारखं जड व्हायचं. सकाळी घट्ट पिवळा शेंबूड, दुपारी दातांच्या मुळाशी कळ, संध्याकाळी डोकं धरून बसायचं. घरून आणलेला सुंठ-वेखंडाचा लेप, निलगिरीचा वाफारा, गवती चहा, सगळं करून झालं. लेपानं तासभर बरं वाटायचं, एवढंच.

मार्चमध्ये इथल्या एका मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि १४ मार्चला सायनसचा सीटी स्कॅन केला. डाव्या गालामागची पोकळी आणि दोन डोळ्यांमधल्या पोकळ्या सुजून भरलेल्या होत्या. दहा दिवस अँटिबायोटिक, नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आणि रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. नेती मला लहानपणापासून येत होती, त्यामुळे ते जमलं. फक्त पाणी उकळून गार केलेलंच घ्या; थेट नळाचं पाणी नाकात कधीच घालू नका. एप्रिल चांगला गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तेच. बारा आठवड्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट सायनुसायटिस म्हणतात, आणि मी आता त्या रांगेत बसले होते. डॉक्टर म्हणाले, फवारा आणि धुणं चालू ठेवा, तीन महिन्यांनी पाहू, नाहीतर शस्त्रक्रियेचा विचार करू. शस्त्रक्रिया हा शब्द ऐकून रात्रभर झोप लागली नाही. परका देश, अर्धीमुर्धी भाषा, आणि मुलगी नऊ वर्षांची.

चिनी औषधांकडे वळण्याचं निमित्त मात्र शेजारणीचं झालं. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या बाई राहतात. वयानं मोठ्या बाईला इथे "आयी" म्हणतात, म्हणजे मावशी. माझ्या कानाला ती हाक पहिल्या दिवसापासून आपलीच वाटली. १० जूनला नौकांच्या शर्यतींचा सण होता. त्या दिवशी दाराला दवण्याच्या जातीतल्या एका उग्र वासाच्या झुडपाच्या डहाळ्या आणि तलवारीसारखी लांब पानं बांधतात. आयी आमच्या दाराला बांधत होत्या. मी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. वास नीट येत नव्हता, तरी ओळखलं : वेखंड! आमच्याकडे हे कपाळाला लावतात असं मी मोबाइलच्या अनुवादकातून सांगितलं. त्या खूश झाल्या, आत गेल्या आणि ड्रॉवरमधून काळ्या गोळ्यांची एक डबी घेऊन आल्या. डोकेदुखीवरच्या या गोळ्या हिरव्या चहाबरोबर घ्यायच्या. सुंग राजवटीपासून हजारेक वर्षं चालत आलेलं ते मिश्रण आहे आणि इथे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं.

मी डबी घेतली नाही. सवय म्हणून आधी त्यातले घटक शोधले, तर एक होता "शी-शिन" नावाचं मूळ. ही वनस्पती ईश्वरीच्या कुळातली, आणि त्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकून याच आम्लाची दुसरी चिनी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. चीनच्या अधिकृत औषधकोशानं २००५पासून शी-शिनचं फक्त मूळच वापरायला परवानगी दिली आहे, कारण पानाफांद्यांत ते आम्ल जास्त असतं. म्हणजे इथले लोक हे जाणतात आणि सांभाळतात. पण ते सांभाळणारं माणूस मध्ये हवं, ड्रॉवरमधली डबी नव्हे, एवढं मला त्या दिवशी पटलं. आयींना राग आला नाही. त्या म्हणाल्या, मग रुग्णालयात जा, मोठं चिनी वैद्यकाचं रुग्णालय आहे.

१२ जूनला मोबाइलवरून नाव नोंदवायला बसले. इथे याला "ग्वाहाव" म्हणतात आणि त्याशिवाय रुग्णालयात पान हलत नाही. ॲपला अठरा आकडी चिनी ओळखपत्र हवं होतं. पासपोर्टचा पर्याय होता, पण नंबर टाकला की "चुकीचा क्रमांक" यायचं. तासभर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला प्रत्यक्ष खिडकीवर गेले. तिथे वीस मिनिटांत काम झालं : पासपोर्ट दाखवला, रुग्णाचं कार्ड केलं, आणि त्या मुलीनं माझ्या मोबाइलवर ते कार्ड जोडूनही दिलं. त्यानंतर ॲप सुरळीत चाललं. तुम्ही परदेशी असाल तर पहिली नोंदणी खिडकीवरच करा, घरी डोकं फोडू नका. एक गोष्ट मात्र तेव्हाच तपासा, जी मी तपासली नाही : तुमचं नाव त्यांनी कसं लिहिलंय. माझ्या पासपोर्टवर माझं, नवऱ्याचं आणि आडनाव असं लांबलचक आहे. कार्डावर ते मधली जागा न सोडता, आडनाव आधी आणि शेवटची चार अक्षरं कापून पडलं होतं. त्याचा त्रास पुढे झाला.

साध्या बाह्यरुग्ण विभागात त्याच दिवशी नंबर मिळत होता. पण ऑफिसातली सहकारी म्हणाली, नाकाच्या एका अनुभवी बाई आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांची वेळ १८ जूनची मिळाली, मंगळवार, साडेआठ ते नऊ. फी २५ युआन, म्हणजे त्या वेळचे सुमारे २९० रुपये.

जाण्याआधी सहकारीनं दोन सूचना दिल्या, आणि त्या आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाच्या आहेत. एक, सकाळी कॉफी किंवा काळा चहा घ्यायचा नाही. दोन, जीभ घासायची नाही. चिनी वैद्य जिभेवरचा थर पाहून निदान करतात आणि आपण तो थर रोज सकाळी खरवडून टाकतो! मी तिसरी भर घालते : आदल्या रात्री हळदीची भाजी नको. जीभ पिवळी दिसली तर ती आजाराची की आमटीची हे त्यांना कसं कळणार?

१८ तारखेला पडद्यावर नावं सरकत होती. गोपनीयतेसाठी नावातली अक्षरं झाकलेली असतात आणि माझ्या नावाची तर फक्त पहिली दोन-तीन रोमन अक्षरं दिसत होती. स्पीकरवरचा उच्चार मला माझं नाव म्हणून ओळखूच आला नाही. दोन माणसं पुढे निघून गेली तेव्हा सहकारीनं ढकललं. नाव ऐकत बसू नका, नंबर बघा.

डॉक्टर बाई साठीकडे झुकलेल्या, आवाज मऊ. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "ख तीह्वा." मला क्षणभर कळलं नाही. मग सहकारीनं सांगितलं : डॉक्टर कोटणीस. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये इथे आले आणि १९४२च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी इथेच गेले. ज्या देशात मी औषध मागायला आले होते, त्या देशाला आपल्याकडचा एक डॉक्टर अजून आठवतो. भीती तिथेच अर्धी उतरली.

तपासणी वीस मिनिटं चालली. आधी त्यांनी माझा सीटीचा अहवाल वाचला, फवारा कोणता आणि किती दिवस ते लिहून घेतलं. मग चेहरा पाहिला, आवाज ऐकला, जीभ पाहिली, आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, प्रत्येक हाताला मिनिटभर. आपल्याकडच्या वैद्यांची आठवण येणारच. प्रश्न मात्र मला नवे होते. दुखणं नेमकं कुठे आहे? चिनी वैद्यक शरीरात शक्तीच्या वाहिन्या मानतं. कपाळ आणि गाल असेल तर ती एक वाहिनी, कानशिलं असतील तर दुसरी, मान असेल तर तिसरी, टाळू असेल तर चौथी; आणि प्रत्येकीकडे जाणारं औषध वेगळं. शेंबूड पिवळा की पांढरा? तहान गार पाण्याची की गरम? शौच कसं? पाळी कधी आली, दिवस राहिलेत का? रात्री जेवणात तळलेलं, तिखट किती?

कागदावर दोन निदानं होती. एक आधुनिक : जुनाट सायनुसायटिस. दुसरं चिनी वैद्यकाचं : "पी-युआन". पी म्हणजे नाक आणि युआन म्हणजे खोल डोह. नाकातला डोह! त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत हे नाव आहे. न आटणारं, वर येत राहणारं पाणी. पाच महिने मी जे सोसत होते त्याला याहून नेमकं नाव मला कुणी दिलं नव्हतं. माझ्या प्रकाराला त्यांनी "ओलसर उष्णता" म्हटलं. बाहेर पावसाळा लागत होता. इथे जूनमध्ये आलुबुखाराच्या जातीची फळं पिकताना जी झड लागते तिला त्या फळाचंच नाव आहे, आणि त्या दिवसांत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ओल हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

मग औषधं. मी आधीच मोबाइलवर चिनीत लिहून नेलं होतं : मी शाकाहारी आहे, प्राणिज औषध नको. हे जरूर करा. डोकेदुखीवर इथे गांडूळ, विंचू, रातकिड्यासारख्या किड्याची कात अशीही औषधं देतात, आणि सायनसच्या एका प्रसिद्ध तयार गोळीत डुकराचं पित्त असतं. बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि बारा वनस्पती लिहिल्या. त्यातल्या चार तेराव्या शतकापासून नाकासाठी एकत्र वापरात आहेत : शिन-यी, म्हणजे मॅग्नोलियाच्या लवदार कळ्या, बाय-झी नावाचं सुगंधी मूळ, कपाळाच्या दुखण्यासाठी, पुदिन्याच्या जातीचं बो-ह, आणि त्सांग-अर-झी. या शेवटच्या औषधाचा फोटो पाहून मी थबकले. गावाकडे ओढ्याकाठी ज्याची काटेरी फळं परकराला चिकटायची तोच हा शंकेश्वर.

आणि तो विषारी असतो, हेही मला माहीत होतं. गुरांनी कोवळी रोपं खाल्ली तर मरतात. मी तसं विचारलं. बाईंनी प्रश्न टाळला नाही. कच्चा शंकेश्वर यकृताला मारतो, म्हणाल्या. इथे तो भाजून, काटे काढून देतात, त्यानं विष कमी होतं, संपत नाही. औषधकोशातली मात्रा दिवसाला तीन ते दहा ग्रॅम आहे. तुम्हाला सहा देते आणि दोन आठवड्यांच्या वर देणार नाही. मी यकृताची रक्ततपासणी मागितली. त्यांनी लगेच लिहून दिली : सुरू करण्याआधी एक, नंतर एक. प्रत्येकी ६० युआन. त्या दिवशी एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा, १९ आलं.

सात दिवसांच्या सात पुड्या, १६८ युआन. औषधालयातून मी प्रत्येकी वहीएवढ्या सात कागदी पिशव्या घेऊन बाहेर पडले. रुग्णालय काढा उकळून, पाकिटांत भरून घरपोचही देतं, पण पहिला आठवडा स्वतः उकळायचा असं मी ठरवलं. काय पोटात जातंय ते हातानं बघायचं होतं.

घरी मातीचं भांडं नव्हतं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हे उकळत नाहीत. आयींनी त्यांचं भांडं दिलं आणि वर बजावलं, हे परत आणून द्यायचं नाही. औषधाचं भांडं कुणाच्या दारात परत नेणं म्हणजे आजारपण नेऊन देणं. ज्याचं असेल तो गरज पडली की स्वतः येऊन घेतो. मी त्या भांड्याला नमस्कार केला. आयींना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी माझा हात थोपटला.

कृती अशी : वनस्पती धुवायच्या नाहीत फारशा, गार पाण्यात अर्धा तास भिजत घालायच्या, पाणी दोन बोटं वर. मोठ्या आचेवर उकळी आणायची, मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. सुगंधी औषधं आहेत, जास्त उकळली तर गुण उडून जातो. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत. मॅग्नोलियाच्या कळ्या मात्र पुरचुंडीत बांधून टाकायच्या, नाहीतर त्यांची लव घशाला टोचते. माझ्याकडे नमुन्यातला न रंगवलेला मलमलीचा तुकडा होता, तो कामी आला. गाळून पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा उकळायचं. दोन्ही काढे एकत्र करून त्याचे दोन भाग : एक नाश्त्यानंतर, एक रात्रीच्या जेवणानंतर, कोमट. पिण्याआधी मी त्याचीच वाफ नाकानं घ्यायचे. त्यात यू-शिंग-त्साव नावाचा पाला होता, नावाचा अर्थच "माशाच्या वासाचं गवत". ओला असताना खरोखर तसाच वास येतो. मुलगी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, चार वेळा जावं लागलं. तिसऱ्या दिवशी नाक इतकं वाहिलं की ऑफिसला दुपारी रजा टाकली. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी पोह्यांची फोडणी करत होते आणि मोहरी तडतडल्यावर वास आला. मोहरीचा, मग कढीपत्त्याचा, मग हिंगाचा, एकामागून एक. मी गॅस बंद करून ओट्यापाशी उभी राहिले आणि रडले. जानेवारीपासून मी अंदाजानं स्वयंपाक करत होते हे मला त्या क्षणी कळलं.

२५ जूनला दुसरी भेट. पोटाचं सांगितल्यावर बाईंनी ह्वांग-छिन नावाचं थंड मूळ कमी केलं आणि बाय-चू नावाचं या प्रांतातलंच पोटाला सांभाळणारं मूळ वाढवलं. १८२ युआन. दर आठवड्याला नुस्खा बदलतो, ही गोष्ट मावशीला समजावून सांगणं मला सगळ्यात कठीण जातं. माझ्या पहिल्या आठवड्याचं औषध दुसऱ्या आठवड्यात माझ्याचसाठी चुकीचं होतं. शिवाय त्यात ज्येष्ठमध होतं आणि मावशी रक्तदाबाच्या गोळ्या घेते. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो.

२ जुलैला शंकेश्वर बंद झाला, ठरल्याप्रमाणे. या वेळी चौदा दिवसांचं औषध रुग्णालयातच उकळून घेतलं : औषध ३५० युआन आणि उकळण्याचे ४२. दुसऱ्या दिवशी कुरियरनं खोकं आलं, अठ्ठावीस सीलबंद पाकिटं. फ्रिजमध्ये ठेवायची, गरम पाण्याच्या भांड्यात पाकीट बुडवून कोमट करायची. नोकरी करणाऱ्या बाईला हेच परवडतं. पण घरी उकळलेल्याची वाफ त्यात मिळत नाही.

६ जुलैला, शनिवारी, डोकं पुन्हा दुखलं. आणि हे दुखणं मला नीट बघता आलं ते फक्त नाक मोकळं होतं म्हणून. गालात जडपणा नव्हता. उजव्या बाजूला ठणके, उजेड नको, आवाज नको, संध्याकाळी उलटी. आणि नाकातून स्वच्छ पाणी. इतके महिने मी दोन्ही दुखण्यांना एकाच नावानं हाक मारत होते. १६ जुलैला हे सांगितल्यावर डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि स्पष्ट म्हणाल्या, हे माझ्या काढ्याचं काम नाही, मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास त्या वाक्यानं दुप्पट झाला. २४ जुलैला दुसऱ्या रुग्णालयात निदान झालं : मायग्रेन. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून लोक फसतात. २००४मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. स्वतःला "सायनसची डोकेदुखी" आहे असं सांगणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. मला दोन्ही होतं. तेव्हापासून एक वही ठेवली आहे : तारीख, बाजू, नाक कसं, उलटी, पाळीचा दिवस, झोप. ही वही मी जानेवारीतच सुरू केली असती तर निम्मे महिने वाचले असते.

१६ जुलैचीच आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यातल्या सर्वांत तप्त चाळीस दिवसांचा तो दुसरा दिवस होता. "हिवाळ्याचे आजार उन्हाळ्यात बरे करायचे" म्हणून या दिवसांत पाठीवर औषधी लेपाच्या पट्ट्या लावायला इथे झुंबड उडते. दालनभर माणसं सदरे वर करून रांगेत उभी. नाकासाठीही लावतात म्हणून मीही लावून घेतली, ९० युआन. त्यात पांढरी मोहरी असते. तीन तासांत पाठ पेटली, पट्टी काढली तरी दोन फोड आले आणि महिनाभर डाग राहिले. त्यांनी चार ते सहा तास ठेवायला सांगितलं होतं. नाजूक कातडी असेल तर आधी विचारा. मी पुन्हा लावली नाही.

शेवटचा आठवडा दाणेदार भुकटीच्या पुड्यांवर काढला, २४५ युआन. गरम पाण्यात विरघळवायची, प्रवासाला सोयीची. "चिनी पुड्या" म्हणून इचलकरंजीत जी कीर्ती पोचली ती यांचीच. दुसऱ्या तपासणीत एएलटी २७ आलं, मर्यादेच्या आत. चार भेटींची फी, दोन तपासण्या, औषधं आणि ती पट्टी धरून एकूण १२९७ युआन झाले, सुमारे १५ हजार रुपये.

विम्याचं लिहायला हवं, कारण तिथे मी खरी थकले. १९ जुलैला पावत्या पाठवल्या. २ ऑगस्टला सगळं परत : पावतीवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. रुग्णालयाच्या खिडकीवर म्हणाले, छापलेली पावती बदलता येणार नाही. दोन फेऱ्यांनंतर एका कर्मचारी बाईंनी मार्ग काढला : कार्डाचा आणि पासपोर्टचा क्रमांक एकाच कागदावर लिहून, "ही एकच व्यक्ती" असा शिक्का मारून दिला. सोबत निदान लिहिलेला केसपेपर आणि प्रत्येक औषधाची किंमत वेगळी दाखवणारी यादी लागली. ४ सप्टेंबरला ६४० युआन जमा झाले. यादी आणि शिक्का त्या-त्या दिवशीच मागून घ्या, नंतर प्रत्येक कागदासाठी वेगळी रांग.

फवारा आणि मिठाचं पाणी मी या पाच आठवड्यांत एकदाही थांबवलं नव्हतं. बाईंनीच तसं बजावलं होतं. अजूनही चालू आहे. जानेवारी २०२५मध्ये पुन्हा सीटी केला. डावी पोकळी मोकळी, अस्तर किंचित जाड. शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. मायग्रेन महिन्यातून एक-दोनदा येतो, त्याची गोळी वेगळी आहे. काढा त्यानंतर घेतलेला नाही.

आयी नोव्हेंबरात एकदा येऊन भांडं घेऊन गेल्या, त्यांच्या नातवाच्या खोकल्यासाठी. मावशीला मी पुड्यांऐवजी माझ्या वहीसारखी वही सुरू करायला सांगितली आणि मामेभावाला तिला सीटीसाठी न्यायला लावलं. गेल्या आठवड्यात अहवालाचा फोटो आला. वीस वर्षं सायनस-सायनस म्हणत होती ती. सायनसच्या पोकळ्यांच्या चारही जोड्या स्वच्छ आहेत. पुढच्या मंगळवारी कोल्हापूरला मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.